मानशीचं दार

सकाळी अकरावीच्या वर्गात
मी फळ्यावर विश्वाचे आकडे लिहिले.
गुरुत्वाचा, विजेचा,
आणि तो एक, दशांशचिन्हानंतर
शंभरावर शून्यं ओढत येणारा.
फळा संपला, शून्यं उरली.
म्हटलं, मुलांनो, यातला एखादा केसभर हलला असता
तर तारे नसते, कार्बन नसता,
हा बाक नसता,
त्यावर कंपासनं कोरलेलं ते बदामातलं नाव नसतं.
मागून जोकीनानं विचारलं,
टीचर, मग तो हलू कुणी दिला नाही?
मी म्हटलं, घंटा झाली.
झाली नव्हती.

रायबंदरहून शेवटून दुसरी फेरीबोट.
चोडणच्या बांधावर कापणी उरकलेली,
खुंटांत बगळे.
रुझार मानशीवर पाय सोडून बसलेला,
यंदाच्या लिलावात मासळी त्याची.
दार ऐनाचं, काळं,
कमरेपर्यंत चिखलात.
कडी नाही. भरती आली की नदीच त्याला लोटून लावते,
ओहोटीला आतलं पाणी लोटून उघडतं.
बाराव्या वर्षी मला ही जादू वाटायची.
पुढे मी तिचं गणित शिकले,
तरी वाटायचीच.

रुझार, हे दार केलं कुणी?
पप्पांनी बदललं होतं, सत्तरच्या आसपास.
त्याआधी?
आजोबांनी बदललं.
त्याच्याही आधी?
तो तोंडातली काडी या गालातून त्या गालात नेतो.
बदललंच असेल, बाय.
नवं कुणी केल्याचं ऐकलं नाही.

बरं, मग कोरगुट?
सगळी भातं माना टाकतात अशा मिठात
हेच कसं नेमकं उभं राहतं?
कुणी मोजून दिलं याला, इतकं खारट, इतकं गोड?
रुझार माझ्याकडे बघतो,
बँकेतला फॉर्म उलटा धरणाऱ्याकडे बघावं तसं.
मेलेलं भात कणगीत येतं काय?
जे उरलं ते पेरलं.
जे उरलं ते परत पेरलं.
आता तू येऊन विचारतेस,
उरलेलंच कसं काय उरलं.

गप्प बसावं मी. पण मास्तरकी जात नाही.
पलीकडे दाखवते, नदीच्या वाकणावर,
जिथे बांध फुटला, मालक लिस्बनला,
भावाभावांत कागद अडकले
आणि वीस वर्षं कुणी मूठभर चिखल लावला नाही.
बघ, म्हणते, आकडा हलला की काय होतं.
गेलं सगळं.
काय गेलं?
तिवर माजलंय तिथं. काळुंदरं हाताएवढी.
पाणमांजराची जोडी आहे, पिल्लांसकट,
माझी जाळी फाडतात रांडेची.
त्या खाजनात उपाशी कुणी नाही, बाय.
आपण नाही, एवढंच.

पाणी आता कुठेच जात नाही.
भांगाची भरती, तिला घाई नसते.
दार मधोमध, ना आतलं ना बाहेरचं,
नुसतं थरथरतं.
मी वाकून बघते, खाली फट राहिलीय,
पाणी झिरपतंय.
रुझार, नीट बसलेलं नाही हे.
बसवायचंच नसतं.
पुरतं बसवलं तर फुगतं, अडकतं,
मग कुऱ्हाड आणावी लागते.
किती ठेवायची फट?
तो बोट दाखवतो. तर्जनी, नखाला चिखल,
पेराशी जुना कोयत्याचा वण.
एवढी. कधी अंगठ्याएवढी.
सुंगटांचं बी तिथूनच आत येतं.

टाचेनं तो कुर्लीचं बीळ दाबत राहतो,
सवयीनं, बोलता बोलता;
उद्या ती दुसरं काढील.
बांध तिलाही आपल्यासाठीच घातलासा वाटत असेल
आणि ती काही अगदीच चुकत नसेल.

वर तारे आलेत, भरमसाट,
बहुतेकांच्या भोवती कुणीच नाही.
जोकीनाला उद्या काय सांगू
ते अजून सुचत नाही.
रिकाम्या हातानं जाणार नाही मात्र,
दोन शेवटे वडाच्या पानात बांधून दिलेत.

रुझार उठतो, बॅटरी पल्याड मारतो.
तिवरांत दोन हिरवे ठिपके,
पाण्याच्या जरासे वर, स्थिर.
आमच्याकडे बघणारे.
मग तो बॅटरी विझवतो.
तिकडून अजून बघणं चालू असेल.